नाही म्हटल्याची वही: इंदूरच्या दारू दुकानात बदलती आवड कशी ओळखावी आणि माल कसा भरावा

रामबागेतल्या आमच्या घरात माझ्या नोकरीचं नाव कधी नीट घेतलं गेलं नाही. आई पाहुण्यांना सांगते, "रिटेलमध्ये आहे." मावशी एकदा लग्नात थेट "औषधांच्या दुकानात" म्हणाली आणि समोरच्या काकांनी लगेच मला रक्तदाबाच्या गोळीचा भाव विचारला. खरं सांगायचं तर अकरा वर्षं मी इंदुरात ठेकेदारांच्या दारू दुकानांवर हिशेब, स्टॉक आणि काउंटर सांभाळतोय. तीन दुकानं पाहिली. त्यातलं एक बुडताना पाहिलं, आणि ते भाव किंवा जागा चुकल्यामुळे बुडालं नव्हतं. गिऱ्हाईक काय मागतंय हे तिथे कोणी ऐकतच नव्हतं.

दुकानाची व्यवस्था पहिल्यांदाच हाती आली असेल, मग तुम्ही भागीदाराचे चिरंजीव असा, नवीन लागलेले मॅनेजर असा की टेंडर लागलेला माणूस, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आधी आपल्या हातात काय उरलंय ते मोजा

साडीचं दुकान मंदीत सेल लावतं, फ्लेक्स लावतं, एकावर एक फ्री देतं. आपल्याला यातलं काहीच करता येत नाही. मध्य प्रदेशात प्रत्येक ब्रँडला एमएसपी (किमान विक्री किंमत) आणि एमआरपी (कमाल किंमत) अशा दोन कुंपणांच्या आतच विकावं लागतं; त्याखाली गेलात तरी केस, वर गेलात तरी केस. जाहिरात बंद. घरपोच माल देण्याची मुभा नाही. परवाना १ एप्रिल ते ३१ मार्च, म्हणजे बरोबर एका वर्षाचा. पुढच्या वर्षी दुकान आपल्याकडे राहील की नाही याची खात्री नसताना कोणी दहा लाखांचं फर्निचर करत नाही, करूही नये.

दोन बदल नीट समजून घ्या, कारण आजचं गिऱ्हाईक त्यांनीच घडवलंय. २०२२-२३ पासून दुकानं कंपोजिट झाली, देशी आणि विदेशी एकाच दुकानात आली. आणि १ एप्रिल २०२३ पासून अहाते, म्हणजे दुकानालगतच्या बसून प्यायच्या जागा, बंद झाले. आधी माणूस पव्वा (१८० मिलीची बाटली) घ्यायचा, शेजारच्या अहात्यात बसून संपवायचा आणि घरी जाताना बडीशेप खायचा. आता तो माल घेऊन निघतो. कुठे निघतो? बहुतेक घरी, नाहीतर मित्राच्या गच्चीवर. घरी बसणारा माणूस वेगळा माल घेतो. पव्वा घेणारा कधी अद्धा (३७५ मिली) घेतो, तीन मित्र मिळून एक फुल (७५० मिली) घेतात आणि त्यात जरा बरी घेतात, कारण बाटली आता टेबलावर चारचौघांना दिसणार असते.

तर हातात उरलं काय? कुठला ब्रँड, कुठल्या मापात, किती आणि कधी मागवायचा. तो कसा मांडायचा आणि किती थंड ठेवायचा. आणि काउंटरवरचा पोरगा तोंडाने काय बोलतो. एवढंच.

पहिलं काम: दोनशे पानी वही आणि दोरीला बांधलेलं पेन

२०२५-२६ च्या धोरणात दुकानांवर पीओएस (बिल काढायचं) मशीन सक्तीचं झालं, त्यामुळे काय विकलं गेलं हे आता एका बटणावर दिसतं. पण मशीनला एक गोष्ट दिसत नाही: जे मागितलं गेलं आणि आपल्याकडे नव्हतं. म्हणून काउंटरवर एक लांब वही ठेवा. रकाने चारच: वेळ, गिऱ्हाइकाने काय मागितलं ते त्याच्याच शब्दांत, आपल्याकडे का नव्हतं, आणि मग तो काय घेऊन गेला. गिऱ्हाइकाचं नाव किंवा नंबर अजिबात लिहायचा नाही. लोक आपल्या दुकानात तोंड लपवून येतात, त्याची इज्जत ठेवा.

विजयनगरकडच्या दुकानातलं शुक्रवार संध्याकाळचं एक पान असं होतं:

७.१०. "ती निळ्या बाटलीतली जिन." फोनवर फोटो. ब्रँड नाही. रिकामा गेला.
७.२५. व्हिस्की, अद्धा. फुल होती, अद्धा नाही. रिकामा गेला.
७.२५. माइल्ड बिअर, थंड. माल होता, थंड नव्हता. समोरच्या दुकानात गेला.
७.४०. "कॅन आहे का?" बाटलीच होती. बाटली घेतली, तोंड वाकडं.
८.०५. थंड माइल्ड, चार. पुन्हा तेच.

"शब्दांत" म्हणजे खरोखर शब्दांत. सेल्समनने "जिन" एवढंच लिहिलं असतं तर आपण कुठलीही जिन मागवून मोकळे झालो असतो. "निळ्या बाटलीतली" आणि "फोनवर फोटो" यातून कळतं की हा माणूस रीलवर काहीतरी पाहून आलाय आणि त्याला नाव उच्चारायला संकोच वाटतोय. अशा वेळी पोराने "नाव सांगा" म्हणून अडून बसू नये, "फोटो दाखवा" म्हणावं.

वही लिहून घेणं सोपं नाही. सेल्समनला प्रत्येक "नाही" ही स्वतःविरुद्धची तक्रार वाटते. मी एकदा हुशारी केली: आठवड्यात सर्वात जास्त नोंदी करणाऱ्याला पोहे-जलेबी. पुढच्या आठवड्यात वहीत जपानी व्हिस्कीची मागणी चौदा वेळा! देशीच्या काउंटरवर! बक्षीस त्याच दिवशी बंद केलं. आता मी दुकान बंद झाल्यावर पाच मिनिटं वही घेऊन बसतो, दोन नोंदींबद्दल विचारतो आणि सोमवारी त्यातली एखादी गोष्ट खरंच मागवतो. आपण लिहिलेलं आलं हे पोराला दिसलं की तो स्वतःहून लिहितो.

तीस दिवसांनी प्रत्येक नोंदीपुढे एक अक्षर टाका. माप नव्हतं तर "म", थंड नव्हतं तर "थ", ब्रँडच नव्हता तर "ब". माझ्या तिन्ही दुकानांत "म" आणि "थ" मिळून "ब"च्या पुढेच राहिले. कंपन्यांचे लोक येऊन नव्या ट्रेंडबद्दल तासभर बोलतात, आणि आपलं गिऱ्हाईक मात्र अद्धा नाही म्हणून समोरच्या दुकानात गेलेलं असतं. फ्रिज दुरुस्त करणं हे नवीन ब्रँड आणण्यापेक्षा स्वस्त पडतं.

दुसरं काम: बाटल्या मोजू नका, लिटर मोजा

एक हिशेब मांडून दाखवतो. आकडे समजण्यापुरते आहेत. धरा, गेल्या वर्षी एका महिन्यात एका किमतीच्या व्हिस्कीचे १,९२० पव्वे, २४० अद्धे आणि १२० फुल गेल्या. एकूण २,२८० नग. यंदा त्याच महिन्यात १,६८० पव्वे, ३३० अद्धे, १५६ फुल. एकूण २,१६६ नग. मालक म्हणतो, धंदा पडला.

आता लिटर काढा. पव्वा १८० मिली, अद्धा ३७५, फुल ७५०. गेल्या वर्षी ३४५.६ अधिक ९० अधिक ९०, म्हणजे ५२५.६ लिटर. यंदा ३०२.४ अधिक १२३.७५ अधिक ११७, म्हणजे ५४३.१५ लिटर. नग ११४ ने कमी, माल साडेसतरा लिटरने जास्त. धंदा पडलेला नाही, मोठ्या मापाकडे सरकलाय. हे न कळता जो पव्वेच भरत राहील, त्याच्या वहीत "म" वाढत जाईल.

पेटीच्या हिशेबातही एक खाच आहे. फुलच्या पेटीत १२ बाटल्या, ९ लिटर. अद्ध्याच्या पेटीत २४, तेही ९ लिटर. पण पव्व्याच्या पेटीत ४८ नग, म्हणजे ८.६४ लिटर. आणि ६५० मिलीच्या बिअरची १२ ची पेटी ७.८ लिटरची. पेटीला पेटी जोडून बेरीज करणारे मॅनेजर मी पाहिलेत. वर्षाअखेरीस हिशेब का लागत नाही म्हणून डोकं खाजवत बसतात.

दुसरा रिपोर्ट तासावारी काढा. आमच्याकडे महिन्याच्या १ ते ७ तारखेला किमतीची पायरी चढते आणि २० नंतर उतरते. यूपीआयने आणखी एक गंमत केलीय. पूर्वी खिशातली नोट ब्रँड ठरवायची. हातात दोनशेची नोट असेल तर दोनशेच्या आतलाच माल. आता फोनने पैसे देताना वीस-तीस रुपये वर जायला माणूस फार विचार करत नाही. तुमच्या रॅकवर लागून असलेल्या दोन किमतींमध्ये मोठी फट असेल, तर मधली पायरी भरा. तिथेच गिऱ्हाईक वर चढतं.

दुकान कुठे आहे यावर सगळं

इंदूर एकच शहर आहे असं समजून माल भरू नका. पिथमपूरकडच्या दुकानाला शिफ्टच्या वेळा चालवतात. शिफ्ट सुटली की अर्ध्या तासात धंदा होतो, तेव्हा पव्वे आणि देशी हाताशी हवेत, शोधायला वेळ नाही. सुपर कॉरिडॉरकडे आयटीतली मंडळी, शुक्रवारी रात्री, कॅन आणि बरी व्हिस्की. महूला लष्कराचं कँटीन आहे. तिथल्या भावाशी आपण स्पर्धा करू शकत नाही, म्हणून जे कँटीनमध्ये सहज मिळतं ते आसपासच्या दुकानात ढीगभर भरण्यात अर्थ नाही.

भंवरकुआँचं वेगळं. कोचिंगची पोरं. आपल्या राज्यात वयाची अट २१ ची आहे आणि तिथे निम्मी पोरं त्याखालची. दाढी बघून वय ठरवू नका, आधार मागा. पोरगा चिडतो, "अंकल, काय तुम्ही" म्हणतो. चिडू द्या. एका पव्व्याच्या मार्जिनसाठी परवाना घालवायचा नाही.

आणि वडोदऱ्याचे पाहुणे. इंदूर-वडोदरा सोयरिकी आपल्यात पुष्कळ. लग्नाला आलेले भावोजी हळूच विचारतात, जाताना दोन घेऊन जाऊ का? काउंटरवरच्या पोराने स्पष्ट सांगावं: गुजरात १९६० मध्ये राज्य झालं तेव्हापासून तिथे दारूबंदी आहे, इथली बाटली तिथे नेली तर गुन्हा. तसंच उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, मंडलेश्वर. तिथे १ एप्रिल २०२५ पासून दुकानं बंद आहेत. "तिकडे मिळेल का?" असं दर्शनाला निघालेले लोक विचारतात, तेव्हा आपल्याला उत्तर ठाऊक हवं.

आवड कुठे सरकतेय

सर्वात मोठी हालचाल आहे ती "कमी पण बरी" कडे. ही वरच्या किमतीतच आहे असं नाही. रोजचा पव्वेवालाही एक पायरी वर चढलाय. पण दिसायला ठळक आहे ती भारतीय सिंगल मॉल्टची (एकाच भट्टीत, फक्त मोड आणलेल्या जवापासून काढलेल्या व्हिस्कीची) मागणी. बेंगळुरूच्या अमृतने २००४ मध्ये आपली सिंगल मॉल्ट आधी ग्लासगोत विकायला काढली, म्हणजे स्कॉचच्या घरी जाऊन. मग गोव्याची पॉल जॉन, उत्तर प्रदेशातली रामपूर, हरियाणातली इंद्री. २०२३ मध्ये इंद्रीच्या दिवाळी आवृत्तीला अमेरिकेतल्या एका स्पर्धेत सर्वोच्च मान मिळाला आणि त्यानंतर आठवडाभर आमच्याकडे लोक फक्त बातमीचा स्क्रीनशॉट घेऊन येत होते.

यात काउंटरवर एक प्रश्न हमखास अडकतो: "किती वर्षांची?" स्कॉचवर १२ वर्षं लिहिलेलं पाहायची सवय, आणि भारतीय बाटलीवर बहुतेकदा वयच नसतं. पोरगा गडबडतो, "जुनीच आहे साहेब" म्हणतो. त्याला हे शिकवा: आपल्या उष्ण हवेत पिंपातली व्हिस्की लवकर मुरते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते, बेंगळुरूत १० टक्क्यांच्या वर. इथे बारा वर्षं ठेवली तर पिंपात विकायला फारसं उरणारच नाही. एवढं दोन वाक्यांत सांगितलं की गिऱ्हाईक मान डोलावतं आणि पुढच्या वेळी तुमच्याकडेच येतं.

विलायती मालाबद्दल हल्ली रोज विचारणा: "इंग्लंडशी करार झाला, आता स्वस्त होणार ना?" करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. त्यात स्कॉच आणि जिनवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून ७५ आणि दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलंय. पण दुकानातल्या किमतीत राज्याचं शुल्क आणि व्हॅट मोठा असतो. दारू जीएसटीतही नाही. म्हणून "अर्ध्या भावात येणार" असं वचन देऊ नका. लेबलवरची एमआरपी बदलेल तेव्हा बदलेल. आणि "स्वस्त होणार" या अफवेवर गिऱ्हाईक थांबून राहतं हे लक्षात ठेवून महागड्या स्कॉचचा साठा उगाच फुगवू नका.

दुसरी हालचाल हलक्याकडे. हा हिशेब पोरांना एकदा फळ्यावर करून दाखवा. पव्वा १८० मिली, ४२.८ टक्के, म्हणजे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल. ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, ६५० ची बाटली: ५२ मिली. ५ टक्क्यांची माइल्ड: साडेबत्तीस. आणि ४.८ टक्क्यांचा ३३० मिलीचा ब्रीझरसारखा माल: सोळाच्याही आत. दुसऱ्या दिवशी सकाळी जिमला जायचंय म्हणणारा मुलगा हेच गणित तोंडी करत असतो. सरकारनेही २०२५-२६ च्या धोरणात १० टक्क्यांपर्यंतच्या पेयांसाठी वेगळे बार आणले. ही मागणी विजयनगर-पलासियाकडे ठळक; बाहेरच्या रस्त्यांवरच्या दुकानांत अजून स्ट्राँगच राजा आहे, आणि तिथे माइल्ड भरून ठेवाल तर तारीख उलटेल.

जिनने दहाएक वर्षांत रूप बदललं. २०१७ च्या ग्रेटर दॅन या जिननंतर भारतीय जिनची रांग लागली. जिन घेणारा टॉनिकही, म्हणजे जिनमध्ये मिसळायचं कडसर सोडापाणी, मागतो. शेजारच्या किराणावाल्याला टॉनिक ठेवायला सांगून ठेवा. वाइन इंदुरात भेट म्हणून जास्त जाते, पिण्यासाठी कमी. ही माझी समजूत, पण वहीतल्या "चांगल्या डब्यात मिळेल का?" या नोंदींनी पक्की झालेली. मोहाच्या दारूबद्दल बाहेरून आलेले लोक विचारतात. आलीराजपूरची "मोंड" आणि दिंडोरीची "मोहुलो" ही दोन नावं पोरांना माहीत असू द्या.

बायका आता स्वतः येतात, आणि त्यांच्यासाठी गुलाबी कोपरा वगैरे काही करू नका. उजेड, मोकळी पायरी, बाहेर घोळका नाही आणि मागितल्याशिवाय सल्ला नाही. एवढं असलं की पुरे.

नवा माल सहा बाटल्यांनी सुरू करा

२०१९ मध्ये एका कंपनीचा माणूस फ्लेवरवाल्या व्होडकाची स्कीम घेऊन आला. दहा पेट्यांवर दोन मोफत असल्यासारखा हिशेब, वर टी-शर्ट. मी भुललो. एकशे चव्वेचाळीस बाटल्या. पहिल्या महिन्यात गेल्या नऊ. त्यातल्या चार तर मीच पटवून दिल्या होत्या आणि त्यातलं एक गिऱ्हाईक परत येऊन म्हणालं, "भाऊ, खोकल्याचं औषध दिलंस." मार्चमध्ये एमएसपीवर काढल्या, तरी तीन पेट्या उरल्या. टी-शर्टने अजून माझी स्कूटर पुसतो.

तेव्हापासून नियम: वहीत एकाच गोष्टीच्या महिन्यात निदान आठ नोंदी, त्याही वेगवेगळ्या दिवशी. मग सहा बाटल्या. महिन्यात सहाही गेल्या आणि त्यातल्या दोन त्याच गिऱ्हाइकाने पुन्हा घेतल्या, तर पेटी. दोनच गेल्या तर आहे तेवढी संपवायची आणि मागवणं बंद. स्कीम हा नियम मोडू शकत नाही. पेटी फोडून सहा मिळत नसतील तर ठेकेदाराच्या गटातल्या दुसऱ्या दुकानाशी वाटून घेता येतील का, हे आबकारीच्या नियमात बसतंय याची खात्री करून मगच. सही-शिक्क्याशिवाय एक बाटलीही इकडची तिकडे नको.

मांडणी, फ्रिज आणि तारखा

कंपोजिट दुकानात देशीवाला घाईत असतो आणि सिंगल मॉल्टवाला दहा मिनिटं बाटली फिरवून बघतो. दोघांना एका खिडकीवर उभं केलंत तर दोघेही चिडतात. जागा कमी असली तरी खिडक्या दोन करा, देशी आणि पव्वे एकीकडे.

बिअर काचेच्या दर्शनी फळीवर उन्हात मांडू नका. हॉप्समधले (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांमधले) कडू घटक उजेडाने फुटतात आणि बिअरला खवट वास येतो. तपकिरी काच बऱ्यापैकी वाचवते, हिरवी आणि पारदर्शक वाचवत नाही. कॅनला हा त्रास नाही. मेमध्ये आमच्या मागच्या गोदामात पत्र्याखाली हात लावला तर पेटी गरम लागायची. बिअर तिथून हलवून आतल्या खोलीत आणली आणि तक्रारी थांबल्या.

जुना माल पुढे, नवा मागे. बिअरवर तारीख असते, ती दर सोमवारी बघा. व्हिस्कीवर तशी तारीख नसते, पण तिची वेगळी खोड आहे. एका पोराने रॅक "फॉरेनसारखा" दिसावा म्हणून सिंगल मॉल्टच्या बाटल्या वाइनसारख्या आडव्या ठेवल्या. चार महिन्यांनी एक महागडी बाटली गिऱ्हाइकाने घरी उघडली तर बूच हातात तुटून आलं, अर्धं आत. तेज अल्कोहोल बूच खातं. बुचाची वाइन आडवी, व्हिस्की कायम उभी. ती बाटली मी पदरच्या पैशाने भरून दिली.

फ्रिजमध्ये काय ठेवायचं ते "थ"च्या नोंदी ठरवतील. आमच्याकडे संध्याकाळी साडेसहाला फ्रिज भरलेला असतो की नाही हे आता एका माणसाचं काम आहे, आणि साडेपाचला भरलेली बाटली साडेसहाला थंड होत नाही हेही त्याला माहीत आहे. दुपारी तीनला भरायचं.

पंचांग आणि मार्च

श्रावण आणि नवरात्रात उतार, हे सगळ्यांना ठाऊक. गणपतीत मराठी वस्तीच्या आसपास दहा दिवस नरम, विसर्जनानंतर उसळी. होळी-रंगपंचमीला गेरची (रंगांच्या मिरवणुकीची) गर्दी असते. त्या दिवसांत दुकान उघडं की बंद, हे कलेक्टरच्या आदेशावर; आदेश हातात येईपर्यंत माल आधीच भरून ठेवा आणि बंद असेल तर आदल्या संध्याकाळी दोन माणसं जास्त लावा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर बंद. मतदान संपण्याआधीचे ४८ तास बंद. लग्नसराईत फुल आणि बिअर जाते, ३१ डिसेंबरला वाट्टेल ते जातं. त्या दिवशी काय विकलं गेलं त्यावरून जानेवारीची ऑर्डर कधीही देऊ नका.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून हळू चालणारा माल मागवणं बंद करा. परवाना पुढे आपल्याकडे राहणार नसेल तर मार्चअखेर जो तो एमएसपीवर उतरतो, आणि गिऱ्हाईकही ते ओळखून वाट बघत बसतं. महिनाभर आधी साठा हलका केलेला दुकानदार त्या गर्दीत शांत असतो.

काउंटरवर तीन प्रश्न

गोंधळलेल्या गिऱ्हाइकाला पोराने तीनच गोष्टी विचाराव्यात: घरी की भेट द्यायला, किती जण, आणि साधारण कितीपर्यंत. "किक" या शब्दावर बंदी. झोकांड्या खाणाऱ्याला माल नाही, कितीही ओळखीचा असला तरी. गाडीची चावी फिरवत "इथेच उघडून दे" म्हणणाऱ्यालाही नाही. बिल प्रत्येकाला, मागितलं नाही तरी, कारण जास्त घेतल्याची तक्रार झाली की बिल हाच आपला साक्षीदार. होलोग्राम स्कॅन झाल्याशिवाय बाटली काउंटर ओलांडत नाही.

गेल्या शनिवारची वहीतली शेवटची नोंद मी अजून "म", "थ", "ब" कशातच टाकलेली नाही. ९.५०, साठीच्या एक काकू, मराठीत: "घरी ह्यांचे मित्र येणारेत, त्यातल्या ज्यांना घ्यायची नाही त्यांना हातात धरायला काही आहे का हो?" पोराने "नाही" लिहिलं आणि त्या गेल्या. रविवारी शेजारच्या किराणावाल्याला सांगितलं, टॉनिकच्या शेजारी बिनअल्कोहोलच्या बिअरचे सहा कॅन ठेव, गिऱ्हाईक मी पाठवतो.